नमुन्याची बाटली

मी चिडकी बाई आहे, हे सगळं गाव सांगेल. पण पाहुण्याला पाणी कसं द्यावं, यात माझी खोट काढायची कोणाची टाप नाही. पावसाळ्यात टाकीचं पाणी नळाला गढूळ येतं, म्हणून मी ते फडक्याने गाळून, उकळून माठात भरायची. यंदा तर लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, मग उकळणं दोन वेळा.

श्रावणात एक माणूस पाण्याचा नमुना घ्यायला आला. ओसरीवर बसला, झाकणाची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बाई, नळाचं पाणी भरून द्या." आमचा नळ सकाळीच जातो. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं कसं? मी माठातलं भरून दिलं. नळाचंच तर होतं ते. शिवाय गावाचं पाणी तपासायला जाणार, तर चांगलंच द्यायला नको का? त्याला चहाही पाजला.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लागला: पाणी पिण्यास योग्य. नवरा मोबाइलवर त्याचा फोटोच काढून घेऊन आला. लेक म्हणाली, "आई, आता काऊन उकळून राह्यली? सरपण जाते फुकट." मलाही पटलं. ओली लाकडं, घरभर धूर, डोळे चुरचुरायचे. त्या दिवसापासून उकळणं बंद केलं. माठात नळाचं पाणी, नुसतं गाळून.

महिना-दीड महिन्याने लेकीचे डोळे पिवळे झाले. जेवण जाईना, उलट्या थांबेनात. तिला गडचिरोलीला दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कावीळ आहे, दूषित पाण्यातून झालेली दिसते, आणि दोन जिवांच्या बाईला ती जिवावर बेतू शकते. नवरा तडक म्हणाला, "पाण्याले दोष नका देऊ मॅडम. आमच्या गावचं पाणी पास हाये." आणि फोटो काढून दाखवला.

फोटोतला तो कागद पाहिला आणि मला ती नमुन्याची बाटली आठवली. पास झालं होतं ते माझ्या चुलीवरचं पाणी. गावाचं पाणी त्या बाटलीत गेलंच नव्हतं. इतके दिवस हे माझ्या टाळक्यात कसं शिरलं नाही, याचा मला आजही स्वतःचाच संताप येतो.

"ते मी उकळून ठेवलेलं दिलं होतं," मी म्हणाले. नवऱ्याने लगेच गावात फोन लावला आणि घरोघरी सांगा, पाणी उकळा, असं ओरडत तो बाहेर गेला.

लेकीने डोळे उघडले. "आई, इथलं पाणी गोड नाई लागत. आपल्या घरचं आणलं का?"

आणलं होतं. सकाळीच माठातून बाटली भरून पिशवीत ठेवली होती. मी पिशवी पायाने खाटेखाली सरकवली आणि म्हणाले, "नाई गं, विसरली."