दारातून न निघणारी कोठी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेल्या सुगंधाला यंदा झोक्यावर बसायचेही त्राण नव्हते. जामनेरकडच्या सासरी वर्षभर कापूस वेचून आणि पोरांचे करून ती आली होती ती झोपायला. बोदवडजवळच्या या खेड्यात आखाजीला माहेरवाशिणीने कामाला हात लावायचा नाही, अशी रीत. आत जाऊन ती आडवी होणार, तोच तिला माजघराच्या मधोमध चुन्याची रेघ दिसली.

साल एकोणीसशे सेहेचाळीस. तिची आजी, सुंदरबाई, जाऊन वर्ष झाले होते. ती होती तोवर तिच्या दोघा मुलांनी, जीवराम आणि चुडामण यांनी, वेगळे व्हायचे नाव काढले नव्हते. आता रेघेवर भिंत उठणार होती. आणि रेघेच्या बरोबर वाटेत आजीच्या हातची, धान्य साठवायची मातीची कोठी उभी होती.

"आबा, कोठीचं काय?" सुगंधाने बापाला विचारले.

"फोडायची. अभिमन गवंडी उद्या येतो," जीवराम म्हणाला. "तिचीच माती भिंतीले लागंन. नवी आणायले बैल कुठी मोकळे हायेत?"

"बाहेर काढून ओट्यावर ठेवा न."

काका चुडामण हसला. "दारातून काढून दाखव पोरी. तुझ्या आजीले पहिली तरी आत नेता आली होती का?"

ती गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती.

सुंदरबाई एकोणीसशे सहा साली या घरात सून म्हणून आली. सासू कोठ्या घालायची आणि सून माती तुडवायची. गढीची पांढरी माती, घोड्याची लीद आणि गव्हाचा भुसा भिजत घालायचा, वास सुटला की पायांनी मळायचा. दिवसाकाठी वीतभर थर चढवायचा. तो वाळला की पुढचा. घाई केली की खालचा थर बसतो. काही वर्षांनी सासूने पहिली कोठी सुनेवर सोपवली. माजघरात ऊन नाही, माती वाळता वाळत नाही, म्हणून सुनेने अक्कल लढवली आणि कोठी अंगणात उभी केली. भराभर वाळली, दिसायलाही देखणी झाली. आत न्यायला चार गडी बोलावले तेव्हा कळले, की ती दारातून जात नाही.

"दाराले सांग, जरा सरक म्हणा," सासू म्हणाली.

त्या पावसाळ्यात कोठी पडवीत सरकवली आणि तिच्यात कोंबड्या राहिल्या. दिवाळीनंतर सुंदरबाईने ती आपल्या हाताने फोडली, ढेकळे भिजवली आणि त्याच मातीची कोठी माजघरात घातली. पुढे उंदरांनी ती पोखरली, तेव्हा तीही फोडून, तीच माती मळून तिने आताची घातली. तोवर गावातल्या निम्म्या घरांतून तिला बोलावणे येऊ लागले होते. शेतातून आल्यावर भाकरी टाकून ती दुसऱ्यांच्या कोठ्या घालायला जाई. तळवे फाटत, त्यांत ती रात्री तेल भरी आणि सकाळी पुन्हा माती घेई. कुणी सांगितलेले नसताना कोठीच्या तोंडाभोवती अंगठ्याने ज्वारीची कणसे उमटवी.

आताची कोठी झाली तेव्हा सुगंधा लहान होती. आजीचा हात तळापर्यंत पोचेना, म्हणून तिने नातीलाच आत उतरवले होते.

"आतून गुळगुळीत कर माय."

"आत कोन पाहतं आजी?"

"किडे पाहतात. खरबरीत दिसलं की राहायले येतात."

पुढे जळगावहून पत्र्याची पिंपे येऊ लागली. ज्यांनी हौसेने कोठ्या घालून घेतल्या होत्या, त्यांनीच त्या फोडल्या. कुणी कळवलेच तर आजी पाटी घेऊन जाई आणि माती घरी आणी. शेवटी तिची बोटे मिटेनाशी झाली. आणलेली माती परसात नुसती पडून राहिली आणि पावसांनी वाहून गेली.

सुगंधा त्या दुपारी झोपली नाही. कोठी वाचत नाही, हे तिला कळत होते. पण तिची माती दोन भावांच्या मध्ये उभी राहावी, हे तिला सोसवेना.

सकाळी अभिमन कुदळ घेऊन आला, तेव्हा ती पदर खोचून कोठीपुढे उभी होती.

"मी फोडते. आन् ही माती भिंतीले नाही द्यायची."

"मग काय डोक्यावर नेशीन जामनेरले?" चुडामण म्हणाला.

"चुली घालीन नाना. एक इकडे, एक तिकडे. आता दोन लागतीनच न?"

चुडामण भावाकडे पाहू लागला.

"आन् भिंतीले माती?" अभिमनने विचारले.

"बैल मोकळे करा," ती म्हणाली.

जीवराम उठला आणि गाडी जुंपायला गेला.

तिने वरून सुरुवात केली. आजीने चढवलेला एकेक थर उलट्या क्रमाने उतरवला. तळाशी आतल्या बाजूला लहान बोटांचे ओरखडे निघाले. गुळगुळीत करताना तिनेच सोडलेले. त्यांवरही तिने कुदळ घातली.

आखाजीला गावच्या पोरी निंबाच्या झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि सुगंधा नडगीपर्यंत मातीत उभी होती. कंबर भरून आली होती. आईची चूल नीट उतरली. काकू बेबाबाईची वाळता वाळता तडकली.

"सासूबाई असत्या तर पुन्हा फोडायले लावली असती," बेबाबाई हळूच म्हणाली.

"मी काय सोडते का? लीद कमी पडली."

तिने ती फोडली, भिजवली, पुन्हा तुडवली. चूल उभी राहिली, पण ती ओली असतानाच सासरची गाडी दारात आली. भिंत तोवर गुडघ्याएवढीच झाली होती. बेबाबाई ती ओलांडून सुगंधाला पाय धुवायला पाणी घेऊन आली.

"तडकली तर काय करू व माय?" तिने विचारले.

"फोडा आन् भिजवा. माती आता घरातच हाये," सुगंधा गाडीत चढत म्हणाली. "तुडवायले मात्र मले बोलावू नका."

ज्या झोपेसाठी ती आली होती, ती तिला गाव सुटायच्या आत लागली.