लाल लोतो आणि कुंकवाचं स्वस्तिक

ऐंशीच्या आसपासची, आमच्या बेटावरची गोष्ट. मी शाळेत मराठी शिकवायची आणि माझी बदली प्लेन मान्येनला झाली होती. जानेवारीत हजर व्हायचं होतं. आम्ही राहायचो कार्तिए मिलितेरला. म्हणजे आधी कुरपीपची बस, तिथून दुसरी, आणि पहिली चुकली की प्रार्थना बुडालीच. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "सोड ती नोकरी. घरात काय कामं कमी आहेत?" मला सोडायची नव्हती. त्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच होतं. तेव्हा बोलले नाही, आज बोलते.

आमचे हे छाती पुढे काढून म्हणाले, "लोतो घेऊ, आपली स्वतःची गाडी! माझी शिफ्ट दुपारची. रोज सकाळी मी तुला सोडीन." मी खूश. माझ्या जुन्या शाळेचे हेडमास्तर आपली चार दारांची जपानी गाडी विकायला काढून बसले होते. ह्यांनी नाक मुरडलं. "ती काय गाडी आहे? डबा आहे डबा!" लहानपणी ह्यांनी कारखान्याच्या गोऱ्या साहेबाची लाल इटालियन गाडी उसातून जाताना पाहिली होती, तेव्हापासून डोक्यात तीच. जुनी हवी, इटालियन हवी, लाल हवी, आणि वर आपल्या खिशाला झेपायला हवी. लग्नाच्या वेळी एवढी चिकित्सा केली असती तर मी सुटले असते!

मग रविवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. हे, थोरले दीर आणि मामेसासरे. तिघांपैकी एकालाही इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. दीर चाकाला लाथ मारून मान हलवायचे. मामेसासरे दार उघडून आत वास घ्यायचे. गोठ्यात गाय बघायला गेल्यासारखं सगळं चालायचं, फक्त शेपूट उचलायचं बाकी होतं.

शेवटी रिव्हिएर दू रांपारला एक सापडली. त्या दिवशी मीही हट्टाने गेले. समुद्र हाकेच्या अंतरावर, ताडपत्रीखाली लाल, दोनच जणांची गाडी. विकणारा आपलाच, मराठी. देवळात आरतीला सगळ्यांत वरचा आवाज त्याचा. आम्ही अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याची बायको पूजेचं ताट घेऊन हजर. "आधी देवाचं होऊ द्या," तो म्हणाला, "मग काय बघायचं ते निवांत बघा."

बघता बघता बॉनेटवर हे भलंमोठं कुंकवाचं स्वस्तिक निघालं, दारांच्या खालच्या कडांना हळदीचे जाड पट्टे ओढले गेले, चाकाखाली लिंबू गेलं, नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. आता कोण काय बघणार? पूजा झालेली गाडी नको म्हणायचं म्हणजे देवाला नको म्हणायचं! आणि स्वस्तिक पुसायचं तर नावच काढू नका. मी मात्र दाराची हळद नखाने जरा खरवडली. खाली रंग नव्हताच, नुसता गंज. बोट आरपार गेलं.

"अहो, इथे भोक आहे!"

"अगं, हात काढ! पूजा झालीय!" हे खेकसले.

मामेसासरे खोबरं चघळत म्हणाले, "बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं?" त्या भामट्याने जिथे जिथे गंज होता तिथे तिथे बरोबर देव बसवला होता, आणि आमच्या तीन शहाण्यांनी त्याला हात जोडून गाडी घेतली.

हजर व्हायचा सोमवार उजाडला. नव्या शाळेतून आधीच बजावलं होतं, पहिल्या दिवशी वेळेवर आला नाहीत तर जागा दुसरीला देऊ. आम्ही पहाटेच निघालो. कुरपीप यायच्या आधी, चहाच्या मळ्याशी बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बसली ती बसलीच. वर पाऊस सुरू झाला. कुंकू दिव्यांवरून ओघळायला लागलं आणि त्याखालची भोकं एकेक करून दिसायला लागली.

मागून बस येताना दिसली. मी म्हटलं, "अहो, चला बरोबर. कुरपीपहून मेकॅनिक घेऊन या."

ह्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तिला अशी रस्त्यावर एकटी कशी सोडू? तू हो पुढे." मी छत्री उघडायला गेले तर म्हणाले, "ती राहू दे, इंजिनात पाणी जाईल."

आयो! असा संताप आला मला! पण बस थांबली होती. मी चढले. शाळेत पोचले तेव्हा साडीतून पाणी गळत होतं आणि घंटेला दोन मिनिटं बाकी होती. सही केली. जागा माझीच राहिली.

संध्याकाळी बसने त्याच रस्त्याने परतत होते. चहाच्या मळ्याशी लाल गाडी तशीच उभी. ह्यांची दुपारची शिफ्ट केव्हाच बुडाली होती. हे शेजारी उभे राहून माझी छत्री बॉनेटवर धरून होते. बस बघून जोरजोरात हात हलवायला लागले. ड्रायव्हरने वेग कमी केला.

कंडक्टरने विचारलं, "मादाम, ते तुम्हालाच हात करतायत का? थांबवू?"

"नको," मी म्हटलं. "त्यांना तिला एकटीला सोडवत नाही."