नवशीचं बिनकाट्याचं निवडुंग

साखरशेत गावात नवशीचा राग सगळ्यांना ठाऊक होता. ती पाण्यावरून भांडे, कोंबड्यांवरून भांडे, आणि ज्याच्याशी भांडली त्याच्याच चुलीतला विस्तव मागायला संध्याकाळी जाई. पण ज्या वर्षी दारचा आंबा मोहरला नाही, त्या वर्षीचा राग तसा नव्हता.

जव्हारला संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. नवशी गवताचे भारे विकायला जव्हारला जाई. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या गाईला तिचाच भारा लागे. त्यांच्या ओटीवर तारेच्या शिंकाळ्यात एक झाड टांगलेलं होतं. पान नाही, काटा नाही, नुसते हिरवे दोरे खाली लोंबलेले. डॉक्टरांची बदली झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ते शिंकाळं काढून नवशीच्या हातात दिलं.

"निवडुंगाच्या जातीचं आहे हो. रानात झाडावर बसून वाढतं. मातीत लावू नकोस, आणि रोज पाणी तर मुळीच घालू नकोस."

"निवडुंग? मग काटं कुठं?"

"तुझे तुला पुरेत की!"

नवशीनं पहिल्याच पावसात अर्धे दोरे घालवले. इकडचा पाऊस आडवा येतो. भिजून भिजून ते बुडाशी मऊ पडले आणि गळाले. तेव्हापासून पाऊस लागला की शिंकाळं पडवीत, भिंतीच्या बाजूला, पण चुलीच्या धुराच्या वाटेत नाही. शिंकाळ्यात भर म्हणून झाडांच्या बेचक्यात कुजलेला पाला, सालपटं आणि कोळशाचे तुकडे. थंडीत ती पाणी जवळजवळ तोडी, तेव्हा कुठं दोऱ्यांवर कणीएवढ्या पांढऱ्या कळ्या धरत. उन्हाळ्यात पडवी तापली की शिंकाळं आंब्याच्या खालच्या फांदीला, दाट सावलीत. तिथंच सगळं बिनसलं.

आंबा दोन भावांचा होता. थोरला ढवळू, धाकटा लाडक्या, नवशीचा नवरा. घरं दोन, अंगण एक. त्या वर्षी माघात मोहर आला नाही, आणि वैशाखात पोरं रिकाम्या झाडाखाली दगड घेऊन उभी राहिली. नेमकी तेव्हाच नवशीच्या दोऱ्यांना फळं लागली होती. मोत्यासारखी पांढरी. ढवळूनं एक चिरडलं, ते बोटाला चिकटलं, आणि तो ओरडला, "बांडगूळ!"

रानातल्या माणसाला बांडगूळ शिकवावं लागत नाही. चिकट फळ पाखरू खातं, चोच फांदीला पुसतं, तिथं बी रुजतं आणि झाडाचा रस पिऊन झाड वाळवतं.

"आंबा हिनं मारला," ढवळू चार माणसांत म्हणाला. "उद्या भाताच्या वाफ्यावरचा राब भाजायचाय. त्यातच टाकतो हे."

नवशीनं शिंकाळं फांदीवरून काढून त्याच्या तोंडापुढं धरलं. "बघ दादा, मूळ शिंकाळ्यात हाय. आंब्याला शिवलंय कुठं? हे झाडावर बसतं, झाडाला खात नाय."

"बांडगूळ काय सांगून खातं?"

लोक हसले. लाडक्या हसला नाही, पण बोललाही नाही. राब दुसऱ्या दिवशी पेटायचा होता, पण लोक तितकंही थांबले नाहीत. त्याच दुपारी पाण्यावर ढवळूची बायको हौशी मोठ्यानं म्हणाली, "पोरांच्या तोंडचा आंबा नेलास गं, नवशे!" आणि बाकीच्या बायकांनी आपले हंडे तिच्या हंड्यापासून बाजूला सरकवले. नवशी अर्धा हंडा घेऊन घरी आली. जिभेवर आलेलं सगळं तिनं गिळलं, आणि ते काही तिला पचलं नाही.

उन्हं उतरल्यावर ती शेणाची पाटी घेऊन राबावर गेली. भाताच्या रोपाच्या वाफ्यावर शेण, फांद्या, पालापाचोळा आणि वर माती पसरून ठेवलेली होती, सकाळी पेटवायचं. एका कडेला माती सरकली होती. राबासाठी तोडतात त्या ऐनाच्या झाडांच्या पाल्याखाली लांब, निमुळती, वाळून तांबूस पडलेली पानं दिसली. तिनं ओढलं. अख्खी फांदी निघाली. आंब्याची. बुडाशी कोयत्याचा तिरका घाव. तिच्याखाली तशाच आणखी.

पौषात ती मोखाड्याकडं माहेरी होती, बहिणीच्या बाळंतपणाला. परत आली तेव्हा आंबा वरून उघडा दिसला होता. "वाऱ्यानं मोडला," लाडक्या म्हणाला होता.

मोहर यायच्या तोंडावर तोडलेल्या फांद्या नवशीनं ओढत अंगणात आणल्या आणि ढवळूच्या उंबऱ्यावर आपटल्या.

"हे कुणी खाल्लं? माझ्या बांडगुळानं?"

"ऐनाची झाडं पार उतारावर," ढवळू म्हणाला. "तितक्या लांबून कोण ओढणार? चार फांद्या घेतल्या तर काय झालं?"

"चार? अर्धा वाफा झाकलास! आळस तुझा नि पाप माझ्या डोक्यावर?"

"थोरल्या दिराशी बोलायची ही रीत?"

"रीत मग शिकव. आधी दारच्या आंब्यावर कोयता चालवायची रीत कुठली, ते सांग."

ढवळूनं पायानं फांद्या उंबऱ्यावरून बाजूला सारल्या. "ठेव तुझं ते शिंकाळं," म्हणाला आणि आत गेला.

नवशी लाडक्याकडं वळली. झाडावर चढून तोडणारा एकटा नसतो. खाली भारे बांधून वाहणारा दुसरा लागतो.

"वाऱ्यानं मोडला ना रं?"

लाडक्यानं मान खाली घातली. "दादा म्हनला, बोलू नको."

"नि मला लोकांनी खाल्लं तवा? तवाही दादाला विचारलंस?"

तो अंगणात ठेवलेलं शिंकाळं उचलायला वाकला. "पडवीत टांगतो."

"हात लावू नको." तिनं ते स्वतः टांगलं, लोंबणारे दोरे सोडवले, आणि बाहेर आली. "चल. पाण्यावर ज्या ज्या बायका होत्या, त्यांच्या दारात जाऊन सांगायचं."

"आता?"

"उजेड हाय तवर."

पहिलं दार सकूचं होतं. लाडक्या अंगणात उभा राहिला, खांद्यावरचं फडकं चाचपत. "आंब्याच्या फांद्या आम्हीच तोडल्या," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," नवशी मागून म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं. सकूनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिचं उत्तर ऐकायला नवशी थांबली नाही; ती पुढच्या दाराकडं निघालीही होती.