माहेरून आलेला जिराफ

माझी मोठी नणंद भुलाबाईचं एक गाणं म्हणते, त्यात सासुरवाशिणीच्या दारात जिराफ येतो. मूळ गाण्यात 'माहेरून निरोप आला गं' असं आहे. अमरावतीकडे आमच्या अंगणात माझी आई ते म्हणायची, तिच्या तोंडून मी शिकले. नणंद रायपुरात जन्मली, रायपुरातच वाढली. लहानपणी कुणाच्या तरी मागे उभी राहून तिनं ते ऐकलं असेल, टिपऱ्यांच्या गोंगाटात निरोपाचा जिराफ झाला, आणि तो अजून येतोच आहे. त्याच गाण्यात मामाच्या खांद्यावर घोंगडी असते. हिच्या मामाच्या खांद्यावर कोंबडी बसते, आणि तिथे सगळ्या पोरी पक् पक् पक् करतात.

कितीदा सांगून पाहिलं. "वहिनी, पोट्ट्या खुशीनं गाऊन राहिल्या ना, मग काहून टोकता?" म्हणते. तिला निरोपाचं काय असणार! लग्न केलं नाही, नोकरी याच शहरात, खोली आमच्याच घरात. माहेर सोडलंच नाही, तर निरोप येणार कुठून?

पण माझा जळफळाट होतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. माझी नऊ वर्षांची मुलगी माझ्याशी मराठीत बोलत नाही. "जेवलीस का?" विचारलं की "खा लिया ना, मम्मी." कळतं सगळं, तोंडातून निघत नाही. आणि हीच पोरगी आत्याच्या मांडीला मांडी लावून बसली की घडाघडा मराठीत गाते, मराठीत भांडते. चुकीची, अर्धीमुर्धी, जिराफा-कोंबडीची, पण मराठी. आतल्या खोलीतून ते ऐकू यायचं आणि माझ्या हातातली पोळी फाटायची. माझ्या लेकीच्या तोंडून माझी भाषा काढणं मला जमू नये आणि हिला जमावं! राग यायचा म्हणते, पण राग कसला, हेवाच तो.

गेल्या वर्षी ऐन भुलाबाईत नणंदेला ऑफिसच्या कामानं जगदलपूरला जावं लागलं. आमच्या विदर्भात भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते, कोजागिरीला उठते. तोवर रोज संध्याकाळी पोरी जमून गाणी म्हणतात, आणि शेवटी बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा असतो. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. "वहिनी, आता तुम्हीच सांभाळा," असं म्हणून ती गेली. मी तोंड पाडून "बरं" म्हटलं. मनातून मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

लगेच कामाला लागले. भुलाबाईवर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव हवा. नणंद दरवर्षी धानाच्या पेंढ्या बांधून भागवते, मला ते कधीच पटलं नव्हतं. नवऱ्याला पिटाळलं. तो सिलतऱ्याच्या प्लांटमधून दमून आलेला, बाजारभर फिरला आणि ऊस घेऊन आला. मग उसाचा मांडव घातला.

गाणी मी एकेक ओळ सांगून म्हणून घेतली. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या पोरी, काही आमच्यासारख्या मराठी घरच्या, काही छत्तीसगढी, सगळ्या हाताची घडी घालून बसल्या. घोंगडी म्हणजे काय, ते मी समजावून सांगितलं. कुणी पक् पक् केलं नाही. खाऊसुद्धा मराठीतच ओळखायचा, असा नियम केला. एका छत्तीसगढी मुलीनं डबा नुसता ऐकून "मूंगफली!" म्हणून ओरडून सांगितलं. मी म्हटलं, "मराठीत सांग." शेंगदाणे हा शब्द तिला येत नव्हता. तिनं ओळखलं होतं आणि तरी मी डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्यासोबत येणाऱ्या दोघीही आल्या नाहीत.

हळूहळू माझी मुलगी आणि शेजारच्या दोघी, एवढ्याच उरल्या. त्या दिवशी मी निरोपाचं गाणं लावलं. 'माहेरून निरोप आला गं, सासू म्हणते थांब' या ओळीवर माझ्या आईचा आवाज नेहमी कापायचा. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझाही कापला. नेमकी तेव्हाच शेजारची धाकटी फिसकन हसली, कारण तिथे जिराफ यायचा असतो. मी तिच्यावर खेकसले. दोघी चपला घालून निघून गेल्या.

मुलगी उसाच्या मांडवाखाली टिपरीनं फरशीवर टकटक करत बसली होती. मग उठून माझ्याजवळ आली.

"आई, आत्याले फोन लाव न. मले तिच्याशी बोलायचं आहे."

मम्मी नाही, आई म्हणाली. आख्खं वाक्य मराठीत, एकही हिंदी शब्द नाही. याच वाक्याची मी इतकी वर्षं वाट पाहत होते, आणि त्यात तिनं मागितलं काय, तर आत्या. असं वाटलं, सांगावं की रेंज नाही, उद्या बघू. पण फोन लावला, तिच्या हातात दिला आणि भांडी आवरायच्या निमित्तानं दाराआड उभी राहिले.

वाटलं, आता माझी तक्रार होणार. आई रागावते, मैत्रिणींना हाकलते, डबा उघडत नाही. तसं काही झालं नाही. पोरगी हळू आवाजात बोलत होती.

"आत्या, तू आली ना, की ते माहेरचं गाणं आईसमोर बरोबरवालं म्हणजो. जिराफ नको आणू. तिले तिच्या आईची याद येते तिथं. ती रडत नाही, पण तिचा आवाज जाते."

पलीकडून नणंद काय म्हणाली, मला ऐकू आलं नाही. मुलगी दोनदा "हव, हव" म्हणाली.

आईबद्दल मी घरात कधी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. तरी पोरीला सगळं कळलं होतं. आणि ते तिनं सांगितलं आत्याला.