लेकीची कॅसेट

कॉलेज सांभाळून मी राजारामपुरीतल्या टेपरेकॉर्डर-हेडफोनच्या एका दुकानात काम करायचो. तिथे एकदा इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार आला. लेकीच्या गाण्याची कॅसेट देऊन त्याने कान पूर्ण झाकणारे, सगळ्यांत महागडे हेडफोन लावले. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला. त्याचा चेहरा तसाच राहिला.

"भाईरचं समदं बंद झालं," तो म्हणाला, "पर डोक्यातला माग थांबंना की."

हेडफोन काढून त्याने माझ्या कानांवर ठेवले. मागांच्या खडखडाटात हे लोक ओठ बघूनच बोलणं ओळखतात. तो माझ्या ओठांकडे बघू लागला.

"सांगा की पावणं, कशी गाती?"

मला तिचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. "गोड," मी म्हणालो.

"तेवढं तिची आई बी सांगती," म्हणत त्याने कॅसेटसाठी हात पुढे केला.