दोन बायकांचं एक लायसन

आमच्या घरात गाडी मी चालवते. नवरा शेजारी बसतो आणि त्याच्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबतो. सगळी नोकरी रेल्वेच्या कचेरीत गेल्यामुळे जे रुळावर चालत नाही त्याला तो वाहन मानायलाच तयार नाही. मुलगी कॉलेजात असताना आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा, की चालवणार कोण. मी कपाटातून लायसन आणून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि चष्मा शोधायला गेला.

हे लायसन माझ्या लग्नाच्या आधीचं, नागपूरचं. माझ्या वडिलांचं तिथे गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. गाडी दुरुस्त झाली की ती नीट चालते का ते पाहायला एक चक्कर मारावी लागते, आणि ती चक्कर मी मारायचे. लग्न ठरलं तेव्हा आईने दागिन्यांचा विषय काढला आणि बाबांनी मला आरटीओत नेलं. बाकीचं सगळे देतीलच, हे मात्र मी देतो, असं म्हणाले. लायसनावर नाव आलं ते अर्थातच माझं जन्माचं, पुढे बाबांचं आणि मग माहेरचं आडनाव.

महिन्याभरात मी रायपूरला, पुरानी बस्तीतल्या सासरी आले. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यावर माझं नवं नाव लिहिलं. आडनाव बदलणार हे ठाऊकच होतं. पण माझं पहिलं नाव नेमकं सासूबाईंचंही होतं, आणि एका घरात सासू-सुनेला एकच हाक कशी मारणार? मोठ्या नणंदेने नाव निवडलं, नवऱ्याने ते तांदळात गिरवलं, सगळ्यांना पेढे वाटले. मला कोणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. नवं नाव वाईट नाही. त्याच नावाने मी मतदान करते, बँकेत सही करते, दवाखान्यात नंबर लावते. पण पहिले कित्येक महिने कोणी हाक मारली की मी मागे वळून पाहायचे, दुसरं कोण आलंय म्हणून.

जुनं नाव हळूहळू सगळीकडून गेलं. भाऊ ताई म्हणायचा, वहिनीही ताईच म्हणते. बाबा होते तोवर ते नावाने हाक मारायचे, मग तेही गेले. शाळेच्या मार्कशीटवर आहे, पण मार्कशीट पेटीत आहे. लायसन मात्र चालू होतं. मुदत संपली तेव्हाही मी माहेरी गेले असताना तिथूनच, त्याच नावाने नवं करून आणलं होतं. आळस म्हणा की हट्ट म्हणा. एकदा सदर बाजारात दुचाक्यांच्या गर्दीत चुकून उलट दिशेने शिरले, तर पोलिसाने लायसन घेतलं, फोटो पाहिला, मला पाहिलं आणि पुढच्या वेळी लक्ष ठेवा दीदी म्हणून परत दिलं. नाव त्याने वाचलंही नाही.

मुलगी आता न्यूझीलंडमधल्या एका लहान गावात असते. दुधाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. आम्ही दोघं तिच्याकडे जायचं ठरलं होतं. व्हिसा आला होता, तिकिटं निघाली होती, पंडरीच्या बाजारातून नवऱ्यासाठी गरम कपडेही घेऊन झाले होते. तेवढ्यात तिचा फोन आला. सायकलवरून पडली, घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर घातलंय. ती रडत नव्हती, त्यावरूनच मला कळलं की आणखी काहीतरी आहे.

प्रयोगशाळा गावाबाहेर बरीच लांब. बस नाही, आणि ती सायकलनेच जायची. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. तिच्या साहेबांनी थोडे दिवस सांभाळून घेतलं होतं, पण पुढच्या महिन्यात ती कामावर आली नाही तर कंत्राट संपणार होतं, आणि कंत्राट संपलं की तिथलं राहणंही संपलं. काम बसून करायचं होतं, ते तिला जमत होतं. फक्त रोज कोणीतरी नेऊन सोडायला आणि आणायला हवं होतं. तिथे गाडी भाड्याने मिळते आणि भारतातलं लायसन चालतं, एवढी चौकशी तिने करून ठेवली होती. तिला स्वतःला गाडी येत नाही, बापावर गेली आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते, रायपूरच्या आमच्या सगळ्याच पोरांचं तसं आहे.

"आई, घर में लायसन सिर्फ तेरे पास है," ती म्हणाली.

तिच्या पायाचं वाईट वाटलं, काळजी वाटली, सगळं वाटलं. पण खरं सांगायचं तर मनातून मी सुखावले. इतक्या वर्षांत या घरात फक्त माझ्याकडे असलेलं काही कोणाला लागलं नव्हतं.

गाडी भाड्याने देणाऱ्यांची एक अट होती. पासपोर्ट, लायसन आणि पैसे भरायचं कार्ड, तिन्हींवर एकच नाव हवं. शिवाय इथल्या आरटीओतून परदेशात गाडी चालवायचं परमिट घेऊन या, असं मुलीने सांगितलं. कार्डाची सोय बँकेने केली. आरटीओच्या खिडकीवरचा बाबूही सभ्य होता. त्याने माझा पासपोर्ट उघडला, शेजारी लायसन ठेवलं आणि बराच वेळ या नावावरून त्या नावावर बोट फिरवत राहिला.

"मैडम, ये तो दो अलग महिलाएँ हैं," तो म्हणाला.

मी सांगितलं, लग्नानंतर नाव बदललं. आडनाव बदलणं त्याला समजलं. बापाच्या जागी नवरा आला हेही समजलं. पण पहिलं नावसुद्धा बदलतं हे काही केल्या त्याच्या गळी उतरेना. शेवटी त्याने रस्ता सांगितला. लायसनावरचं नाव आधी बदलून घ्या, मग परमिटाला वेळ लागणार नाही. नाव बदलायला लग्नाचं सर्टिफिकेट आणा. ते आमच्याकडे नव्हतं. आमच्या लग्नात अख्खा मांडव जेवून गेला होता, सर्टिफिकेट लागेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बाहेर येऊन गाडीत बसले आणि मला संताप आला. नवऱ्यावर आला, कारण तोच शेजारी होता.

"तुम्ही अंगठीने लिहून मोकळे झाले," मी म्हटलं. "आता त्यापायी माझी पोट्टी तिकडे नोकरी घालवून बसन."

"मले काय माहीत होतं असं होईन म्हणून," तो म्हणाला, आणि गाडी उभी असतानाही ब्रेक दाबत बसला.

निघायला फार दिवस उरले नव्हते, ही एक चिंता होती. दुसरी गोष्ट मी त्याला सांगितली नाही. ते नाव आता जिवंत होतं ते फक्त त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर, आणि तिथूनही ते मीच माझ्या हाताने खोडायचं होतं. मुलीसाठी खोडायचं, यात शंका नव्हती.

मग लग्नाला तीसेक वर्षं झालेली असताना आम्ही लग्न नोंदवायला नगर निगमच्या कचेरीत गेलो. साक्षीदार म्हणून शेजारची दीदी आणि तिचे मिस्टर. दीदी छत्तीसगढी, भलती हौशी. तिने मला चांगली साडी नेसायला लावली आणि वाटभर नवरी म्हणून चिडवलं. नवऱ्याने दाढी दोनदा केली होती, ते मी पाहून ठेवलं.

टेबलापलीकडे एक तरुण बाई बसली होती. लग्नपत्रिकेवर माझं जुनं नाव होतं, आधार कार्डावर नवं. या दोघींचा एकमेकींशी संबंध काय, हे तिने विचारलं. प्रतिज्ञापत्र तर आम्ही केलंच होतं, पण तिला समजावं म्हणून मी लग्नाचा अल्बम उघडला आणि तो फोटो दाखवला. ताट, तांदूळ, तांदळात नवऱ्याचं बोट, त्याच्याखाली कोरलेलं नाव, आणि बाजूला माझे हिरव्या बांगड्यांचे हात. नवऱ्याने तिला सगळी पद्धत समजावून सांगितली, रेल्वेत नव्या माणसाला नियम समजावतात तशी. तिने सगळं मन लावून ऐकलं.

"और इनसे पूछा था?" तिने विचारलं.

नवरा फोटोकडे पाहत राहिला. त्यात माझा चेहरा दिसत नाही, फक्त हात दिसतात.

"नहीं," तो म्हणाला. "किसी ने नहीं पूछा."

"हव," दीदी मागून म्हणाली, म्हणजे हो. तिला हे आधीपासूनच माहीत असावं तशी म्हणाली.

बाईने फॉर्म पुढे सरकवला. त्यात वधूचं लग्नाआधीचं पूर्ण नाव लिहायचं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर नवऱ्याचं लिहून झालं होतं. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव, कचेरीतल्या त्याच्या सुबक अक्षरात, कुठेही न अडखळता. सासूबाई होत्या तोवर ते नाव माझ्यासाठी घेणं शक्यच नव्हतं, आणि त्या गेल्यावर इतक्या वर्षांत त्याने ते कधी घेतलं नाही. मला वाटायचं तो विसरून गेला. माझे डोळे भरून आले, आणि पाठोपाठ त्याचा रागही आला. एवढं आठवत होतं, तर एकदा तोंडातून काढायला काय झालं होतं?

सर्टिफिकेट मिळालं, लायसन बदललं, परमिटाचं पुस्तकही हातात आलं. मधे मधे इतके हेलपाटे झाले की नाकी नऊ आले, पण निघायच्या आधी सगळं जमलं. नवं लायसन चकचकीत होतं, पासपोर्टशी तंतोतंत जुळणारं. जुनं आता काही कामाचं नाही, असं बाबूने सांगितलं. मी ते फेकलं नाही, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. बाबांनी दिलेली वस्तू आपणच रद्द करून आलो, असं त्या दिवशी दिवसभर वाटत राहिलं.

तिथे विमानतळावरच्या काउंटरवर कोणी एका शब्दानेही अडवलं नाही. तीन कागद, तिन्हींवर एक बाई. तिथल्या माणसाने किल्ली नवऱ्यापुढे ठेवली, जशी रायपुरातही सगळे ठेवतात. नवऱ्याने ती बोटाने माझ्याकडे सरकवली आणि आपल्या इंग्रजीत सांगितलं की ड्रायव्हर मॅडम आहेत, मी नुसता सामानासोबत आलोय.

मुलगी कामावर परतायची ती पहिली सकाळ. ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली, कुबड्या शेजारी, आणि सारखी घड्याळ पाहणारी. उशीर चालणार नव्हता, साहेब स्वतः दाराशी थांबणार होते. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे मी खुशीत होते. मग एक मोठा गोल चौक आला. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे मी पाठ करून आले होते. पण येणारे येतच राहिले आणि माझा पाय ब्रेकवरून उठेना. मागे गाड्या थांबल्या, आणि एकानेही हॉर्न वाजवला नाही. सदर बाजारात हॉर्नवरून कळतं की कोण कुठे आहे, कोणाची किती घाई आहे. इथे ती शांतता मला सहन होईना. वाटलं, एवढं सगळं करून आता इथेच अडकून पोरीची नोकरी घालवणार मी.

तेव्हा नवऱ्याने हाक मारली. नेहमीसारखं 'अगं' नाही, 'ऐकलं का' नाही, तांदळातलं नावही नाही. माझं जन्माचं नाव घेतलं, रोजच घेत असल्यासारखं.

"आता निघ," तो म्हणाला.

उजवीकडचा रस्ता मोकळा होता. मी निघाले.

मागून मुलीने चमकून विचारलं, "पापा, दादी को क्यों बुला रहे हो?"

"आजीले नाही, तुह्या मायले," तो म्हणाला. "लायसन तिचं आहे."

आम्ही प्रयोगशाळेच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा अजून वेळ होता. मुलगी कुबड्या टेकत आत गेली आणि वळून हात हलवला. मी गाडी फिरवली. परतीच्या वाटेवर तोच गोल चौक पुन्हा लागला. रस्ता अगदी रिकामा होता, तरी मी हाकेसाठी थांबले.