कापणी न होणारा धान

यंदाच्या धानाला कापणी नाही, असं परमेश्वराने गोंदिया जिल्ह्याला कळवलं. निरोप घेऊन आले ते बाहेरगावचे उपदेशक. पांढरे बूट, आणि मंडपाला गरज नव्हती एवढा मोठा भोंगा. सभेच्या शेवटच्या संध्याकाळी जवळच्या बिरसी विमानतळावरच्या एका शिकाऊ वैमानिकाचं विमान डोक्यावरून घरघरत गेलं. उपदेशकांनी बोट वर केलं. "ऐका! चिन्हं सुरू झाली. प्रभू येशू कापणीआधी परत येतो आहे, जग संपणार."

ते विमान रोज येतं. आमच्याकडच्या म्हशीसुद्धा मान वर करत नाहीत.

मी हसून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीने रोवणी थांबवली. चिखल झालेला, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं तयार, रोवायला आलेल्या बाया शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेल्या.

"आज नाही लावलं तर बाया दुसऱ्याच्या बांधीत जातील," मी म्हणालो. "पऱ्हे जून होऊन राहिले."

"कायले रोवू, दादा? खाणार कोण?"

"तू."

"लय वाचून वाचून तुझा विश्वास उडाला."

माझं डोकं फिरलं. माझा विश्वास उडालेला नाही, हेच तर दुखणं आहे. बायबलमधली भविष्यवाणी मी खरी मानतो. गोंदियातले माझे वाचणारे मित्र म्हणतात, सगळं घडून गेल्यावर लिहिलं. त्यांना मी मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या बायबलच्या जुन्या गुंडाळ्यांचा दाखला देतो. येशूशी जुळणारं, दुःख सोसणाऱ्या सेवकाचं वर्णन त्यांत आहे, आणि त्या येशूच्या जन्माआधीच्या आहेत. येणारा राजा कुठे जन्मेल हे सांगताना संदेष्ट्याने राजधानी सांगितली नाही, बेथलेहेमसारखं किरकोळ खेडं सांगितलं. लोकांना खूश करायचं असतं तर असं कोणी बोलत नाही. आणि हे सगळं मी वर्षानुवर्षं भांडून सांगितलेलं, पांढऱ्या बुटातला एक माणूस एका विमानापायी मातीत घालतो! ज्याचं बोललेलं घडत नाही त्याला भिऊ नका, हेही त्याच ग्रंथात आहे. ते पान यांच्या प्रतीत चिकटलेलं असावं.

मी घरी जाऊन खिडकीतलं बहिणीचं बायबल आणलं आणि धुऱ्यावरच उघडून तिला सांगू लागलो. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला, संदेष्टा कैदेत. वेढ्याच्या आधी लोकांना आवडणारा दुसरा एक संदेष्टा म्हणाला होता, बाबेलचं जू दोन वर्षांत मोडेल. हा कैदेतला म्हणाला होता, सत्तर. लोक चिडले. पण बाबेल पडलं ते याच्या हिशेबाने, आणि लोक परत आले. अन् वेढा चालू असताना, कैदेत बसून, या माणसाने काय केलं?

"काय केलं?"

"शेत घेतलं. इथे पुन्हा शेतं विकली-घेतली जातील, असं देवानं सांगितलं होतं म्हणून. देवाच्या बोललेल्यावर त्याचा विश्वास होता. तू त्याच देवाचं नाव घेऊन चिखल वाळवून राहिलीस."

तिने पानावर बोट ठेवलं. "रोवलं का मग त्यानं?"

"तो कैदेत होता. तू कुठे आहेस?"

तिने पदर खोचला. "बसून काऊन राहिल्या गं?" ती बायांवर ओरडली, जणू थांबवलं त्यांनीच होतं.

दिवाळीनंतर धान कापला. उपदेशकांचा निरोप आला, नाताळच्या जेवणासाठी नवा तांदूळ पाठवा, बारीक असला तर बरं.

बहिणीने जाडा पाठवला.